घराभोवती मोकळी जागा आहे, बाग करायचीये? रोपं सगळ्यात शेवटी आणा

रो हाऊस घेतलं किंवा प्लॉटवर छोटं घर बांधलं की पुढे-मागे मिळून पाचसातशे चौरस फूट जागा उरते, मग पहिल्याच रविवारी सगळं घर गाडीत बसून नर्सरीत जातं, डिकी भरून गुलाब, जास्वंद, एक्झोरा, झालंच तर एक सायकस आणतं, माळीदादा येऊन दोन तासात खड्डे पाडून लावून जातात आणि फोटो एकदम भारी येतात. पुढच्या मे महिन्यात बघायला जा, निम्मंही शिल्लक नसतं. आमच्या लेनमधे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी हे होतंच, आणि दोष जातो "आमच्या हाताला गुण नाही" याला. हाताचा काही संबंध नाही हो. क्रम उलटा झालेला असतो. आधी ऊन, मग पाणी, मग माती, मग आखणी आणि त्यानंतर रोपं, एवढं पाळलं तर बाग जगते.

मी देशावर राहते, म्हणजे काळी माती, बोअरचं जड पाणी, पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि एप्रिल-मेमधे चाळिशीला टेकणारं ऊन. खालचं सगळं त्या हिशोबाने आहे. कोकणात किंवा गोव्यात असाल तर तुमची माती तांबडी आणि आंबट, पाऊस कितीतरी जास्त, तेव्हा मातीचे आणि निचऱ्याचे मुद्दे तुमच्याकडे बदलतील, बाकी क्रम तोच.

सुरुवात करायची जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे जूनपर्यंत जमीन तयार होते. लोक जूनमधे जागे होतात, तेव्हा मजूर मिळत नाही, शेणखत भिजून जड झालेलं असतं आणि मातीची ट्रॉली गेटाशीच रुतते.

१. कागद आणि अवजारं जमवून ठेवा

बागेला कसले कागद असं वाटेल, पण लागतात.

- घराचा ड्रेनेजचा नकाशा. बिल्डर देत नसेल तर प्लंबरला सोबत घेऊन सगळी चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची लाइन, अर्थिंगचा खड्डा आणि जमिनीखालची केबल कुठून गेलीये ते बघा, प्रत्येक ठिकाणी भिंतीपासून टेप धरून फोटो काढा. पहार मारताना केबल सापडली की काय होतं ते मी सांगायला नको.
- सोसायटी असेल तर तिची लेखी परवानगी, निदान पर्गोला, शेड, कंपाऊंडला लागून वेल असलं काही करणार असाल तर. साइड मार्जिनमधे कायमचं बांधकाम हा वेगळाच विषय आहे, त्यात पडू नका.
- प्लॉटवर आधीचं मोठं झाड असेल आणि ते नको असेल तर परस्पर तोडू नका. शहरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आपल्या स्वतःच्या जागेतल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी महापालिका किंवा नगरपालिकेत अर्ज करायचा. "माझी जागा, माझं झाड" चालत नाही.
- मातीचा तपासणी अहवाल, आणि बोअर असेल तर पाण्याचाही. पुढे सांगते.
- फळझाडांच्या खरेदीची पावती, जातीच्या नावासकट.

अवजारं: कुदळ, टिकाव, फावडं, पहार, दोन घमेली, दाताळं, खुरपं, विळा, झारी, सिकेटर (छाटणीची कात्री), शंभर फुटी टेप, सुतळी, खुंट्या आणि चुन्याची फक्की. सिकेटर तेवढा चांगल्यातला घ्या, स्वस्तातला फांदी कापत नाही, चेचतो, आणि चेचलेल्या जागी बुरशी लागते. बाकी सगळं आठवडी बाजारातलं चालतं. ते गुलाबी मुठीचे तीन तुकड्यांचे गार्डन किट असतात ना, ते कुंड्यांना ठीक, काळ्या मातीत पहिल्याच दिवशी वाकतात.

२. पंधरा दिवस नुसतं ऊन बघा

हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे गाळतात. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता मोबाइलने जागेचे फोटो काढायचे आणि कागदावर कुठे ऊन कुठे सावली ते रंगवायचं. सहा तासांच्या वर ऊन असेल तिथे भाजी, फळझाड, गुलाब, मोगरा. तीन-चार तास असेल तिथे अळू, हळद, आलं, पुदिना, गवती चहा. त्याहून कमी असेल तिथे फर्न, मनी प्लँट, नागवेल, आणि हट्टाने टोमॅटो लावू नका.

यात एक मेख आहे. ऊन वर्षभर एका जागी नसतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे घराच्या उत्तरेच्या बाजूला सावली पडते, आणि ती किती तर २० फूट उंच घर असेल तर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी साधारण १८ फूट. म्हणजे मागचं अंगण उत्तरेला असेल आणि ते पंधरा फुटी असेल तर हिवाळी भाजी तिथे विसरा. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत पुण्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो, तेव्हा त्याच अंगणात रणरणतं ऊन येतं आणि सावलीतली म्हणून लावलेली फर्न करपतात. म्हणून फेब्रुवारीत फोटो काढले तरी मेमधे एकदा परत काढा. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर त्यावर उद्या दोन मजले चढणार हेही धरून चला.

पश्चिमेच्या भिंतीची वेगळी गोष्ट. ती दुपारी तापते आणि रात्रीपर्यंत धग मारते. तिच्यापासून दोन-तीन फूट सोडून लावा, आणि वेल चढवायचाच तर मधुमालती किंवा गोकर्ण, तेही जाळीवर.

३. पाणी किती आहे ते मोजा

शंभर चौरस फूट भाजीच्या वाफ्याला ऐन उन्हाळ्यात रोज पन्नास ते सत्तर लिटर लागतं, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर कमी. आता पाचशे फुटांची लॉन डोळ्यासमोर आणा आणि पाचाने गुणा. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत लॉन लावणं मला पटत नाही, स्पष्टच सांगते. हौस असेल तर दहा बाय दहाचा तुकडा करा, बसायला तेवढा पुरतो, बाकी जागी मुरूम किंवा फरशी.

स्वयंपाकघराचं भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सरळ बागेत घ्या. मोरीचं पाणी केळी, अळू, कर्दळ यांना चालतं, मात्र साबण-सोडा बेताचा वापरत असाल तरच. आरओचं वाया जाणारं पाणी लोक मोठ्या अभिमानाने झाडांना घालतात. मूळ पाणी बोअरचं असेल तर त्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी गोळा झालेले असतात, काही महिन्यांत मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांच्या कडा जळतात. ते फरशी पुसायला वापरा.

४. राडारोडा बाहेर काढा

बांधकाम झालेल्या जागेत वरची चार बोटं माती आणि खाली बिल्डरचा खजिना असतो. विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट गोळे, टाइल्स, पीओपी, प्लास्टिकच्या गोण्या, तारा, एखादा चपलेचा जोड. जिथे झाडं लावायची तिथे किमान दीड फूट खोदून हे सगळं काढावंच लागतं. सिमेंट आणि चुना मातीत राहिला की सामू (पीएच) वाढतो, म्हणजे माती अल्कली होते, आणि आपली माती मुळातच त्या बाजूची आहे.

इथे माळी म्हणणार, "ताई, कशाला एवढं खोदताय, वरून दोन ट्रॉल्या लाल माती टाकू, काम झालं." होतं काय, की वर सहा इंच लाल माती, खाली दाबून घट्ट झालेला राडा, मुळं तिथवर जातात आणि अडतात, पावसाळ्यात पाणी मधल्या थरावर तुंबतं. पहिलं वर्ष छान जातं म्हणून कुणाला कळत नाही.

मजूर लावताना रोजावर लावू नका, घनफुटावर किंवा ठोक बोला, राडा उचलून नेण्यासकट. आणि तो तुमच्या समोर ट्रॉलीत चढू द्या, नाहीतर मागच्या कोपऱ्यात पुरला जातो.

५. माती ओळखा

घरच्या घरी होणाऱ्या तीन तपासण्या:

पहिली बाटलीची. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर कपड्याचा सोडा, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळू आणि चिकणमातीच्या मधला बारीक गाळ, काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत राहते. थर बघून अंदाज येतो. आमच्याकडे वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचं होतं, म्हणजे चिकण भरपूर.

दुसरी निचऱ्याची. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत गेलं तर उत्तम, दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसलं तर वाफे उंच करण्याशिवाय पर्याय नाही.

तिसरी व्हिनेगरची. कोरड्या मातीवर चार थेंब टाका. चुरचुर आवाज येऊन फेस आला तर माती चुनखडीची. अशा मातीत मोगरा, गुलाब, लिंबू, जास्वंद यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. लोक त्यावर युरिया मारतात आणि पान तसंच राहतं. त्याला हिराकस (फेरस सल्फेट) किंवा चिलेटेड लोह लागतं, आणि कायमचा उपाय म्हणजे भरपूर कुजलेलं सेंद्रिय खत.

जमलं तर रीतसर तपासणीही करा. जिल्ह्याच्या माती चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात होते. चार-पाच जागी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वरपासून आठ-नऊ इंचापर्यंतची माती काढायची, मिसळायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत द्यायची. चिठ्ठीवर नाव, पत्ता, गट किंवा सर्व्हे नंबर. खताच्या ढिगाजवळची, झाडाखालची माती घेऊ नका. अहवालात सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी बघा.

एक फार चालणारा सल्ला म्हणजे काळ्या मातीत वाळू टाका. घमेलंभर वाळूने काही होत नाही, उलट सुकल्यावर माती आणखी टणक होते. काळ्या मातीला कंपोस्ट, पालापाचोळा आणि वेळ लागतो.

६. आधी कागदावर, मग जमिनीवर फक्की

चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट. घर, गेट, चेंबर, नळ, ऊन-सावली सगळं मांडा. मग तुम्ही रोज कुठून कुठे चालता त्या वाटा काढा, गेट ते दार, दार ते कपडे वाळत घालायची जागा, मागचं दार ते कचऱ्याची बादली. वाटा आधी, वाफे नंतर. नाहीतर घरातले लोक सरळ वाफ्यातूनच चालतात, कितीही बोला.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कंपाऊंडच्या भिंतीला लागून असेल तर दोन-अडीच फूटच. वाट निदान दीड फूट, घमेलं घेऊन जाता यावं इतकी. कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण कुकरची शिट्टी होत असताना कुणी बागेच्या टोकाला जात नाही. कंपोस्टची जागा सावलीत आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब. प्लिंथला लागून वाफा करू नका, तीन फूट सोडा, काळी माती फुगते-आकसते आणि रोजच्या पाण्याने भिंतीला ओल येते.

कागदावर ठरलं की खुंट्या-सुतळी लावून फक्की मारा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. त्या रेघांमधून चालून बघा. गाडी काढून बघा. बदल करायचा तर आत्ताच, फक्की पुसायला काही पडत नाही.

७. वाफे भरा

माती ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा दहा बाय चारचा वाफा एक फूट भरायचा तर ४० घनफूट, असे अडीच वाफे म्हणजे एक ब्रास. हा हिशोब स्वतः करून फोन करा, कारण "एक ट्रॉली" म्हणजे किती हे ट्रॉलीवाल्याच्या मनावर असतं.

माझं प्रमाण असं: निम्मी पोयट्याची किंवा जागेवरचीच चाळलेली माती, एक चतुर्थांश पूर्ण कुजलेलं शेणखत, एक चतुर्थांश पालापाचोळ्याचं कंपोस्ट, वर शंभर फुटाला दोन-तीन किलो निंबोळी पेंड. पहिल्या पावसात हे सगळं दोन-तीन इंच खाली बसतं, म्हणून काठोकाठ भरा.

शेणखताबद्दल जरा थांबून सांगते, कारण जास्तीत जास्त बागा इथे मार खातात. चांगलं कुजलेलं शेणखत काळपट, भुसभुशीत असतं, वास जंगलातल्या मातीचा, हात घातला तर गरम लागत नाही. अर्धकच्चं असेल तर त्यात हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, पिवळट तपकिरी डोक्याची अळी, मुळं खाते, आणि रोप वरून टवटवीत दिसता दिसता एक दिवस हातात उपटून येतं. खत आलं की ताडपत्रीवर पसरा, दाताळ्याने उलटं-पालटं करा, अळ्या दिसल्या तर कोंबड्या किंवा साळुंक्या येऊन फडशा पाडतात, त्यांना पाडू द्या. लेंडीखत चांगलं असतं पण त्यातून बाभळीचं आणि नाना तणांचं बी येतं, ते वर्षभर उपटत बसावं लागतं.

एप्रिलमधे वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा दाबून चार-सहा आठवडे ठेवा, उन्हाने बरंच तणाचं बी आणि बुरशी मरते. काळं प्लास्टिक नको. लव्हाळा मात्र याने मरत नाही, त्याच्या गाठी खणूनच काढायच्या, एक गाठ राहिली तरी पुन्हा सुरू.

८. पाण्याची सोय माती भरताना करा

ठिबक नंतर करू म्हणणाऱ्यांच्या घरी पाइप कायम वाटेत पडलेला असतो. गच्चीवरच्या टाकीपासून १६ मिमीची मुख्य नळी, त्यावर एक बॉल व्हॉल्व्ह, जाळीचा फिल्टर, मग वाफ्यांकडे फाटे आणि तासाला ४ लिटरचे ड्रिपर. अर्धा तास सोडलं की एका ड्रिपरमागे दोन लिटर.

मेख अशी, की टाकीच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, आणि बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी फार तर चार-पाच मीटरवर असते. दुकानदार महागातले दाब सांभाळणारे ड्रिपर गळ्यात मारतो, ते इतक्या कमी दाबावर नीट चालतीलच असं नाही. साधे किंवा फिरकीचे ड्रिपर घ्या, नळी लांबच लांब ओढण्यापेक्षा दोन भाग करा आणि आलटून-पालटून सोडा. बोअरचं पाणी असेल तर फिल्टर दर आठवड्याला धुवा.

९. मोठी झाडं कुठली ते घरात भांडून ठरवा

आमच्याकडे सासूबाईंना प्राजक्त हवा होता, मुलांना आंबा, मला लिंबू. पाचशे फुटांत खरं तर दोन-तीनच झाडं मावतात, आणि झाड विसाव्या वर्षी केवढं असेल ते बघून जागा ठरवायची.

कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, सोनचाफा, प्राजक्त, पेरू ही घराजवळ चालणारी. लिंबात राहुरी विद्यापीठाची साई सरबती घ्या. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, म्हणून रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा आणि दरवर्षी छाटत राहा. आंब्यात कमी जागेला आम्रपाली, नाहीतर घाटावर केशर. हापूस लावायची ओढ सगळ्यांना असते, पण तो कोकणात जसा होतो तसा इथे होत नाही.

सेप्टिक टँक आणि चेंबरपासून दहा फुटांच्या आत कुठलंही मोठं झाड नको. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोच, मुळं पाया शोधत जातात. गुलमोहर दिसायला सुंदर, पण वादळात फांद्या टाकतो. नारळ गाडीच्या जागेवर लावणारे लोकही मी पाहिलेत. कोनोकार्पस झटपट भिंत होते म्हणून विकतात, गुजरातने २०२३ मधे त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा तो नको. कंपाऊंडला हिरवी भिंत हवी तर तगर, जास्वंद, अडुळसा, मेंदी हे आपले जुनेच बरे.

१०. आता नर्सरी

पावसाच्या तोंडावर जा, यादी हातात घेऊन, आणि यादीबाहेरचं घ्यायचं नाही. फळझाडं शासनमान्य नर्सरीतून किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, पावतीवर जात लिहून घ्या. चार वर्षांनी केशरच्या जागी भलताच आंबा लागला तर बोलायला कागद हवा.

रोप मोठं घेऊ नका. पिशवीतलं पाच फुटी रोप रुबाबदार दिसतं पण त्याची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. दोन फुटांचं, खोड जाडसर, खालून मुळं बाहेर न आलेलं, पानामागे पांढरा कापूस नसलेलं रोप बघा. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, एका रोपाबरोबर अख्ख्या बागेत येतो. कलमाचा जोड हाताने चाचपून बघा, भरलेला पाहिजे. फुलांनी लगडलेलं गुलाबाचं रोप घेण्यापेक्षा फांद्या जास्त असलेलं घ्या.

घरी आणल्यावर लगेच लावू नका, आठवडाभर सावलीत एका बाजूला ठेवा.

११. लावणी

खड्डा एप्रिलमधेच करून उन्हात तापू द्या. फळझाडाला दोन-अडीच फूट लांब, रुंद, खोल. भरताना त्याच खड्ड्यातली माती परत वापरा, त्यात दोन घमेली शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. काळ्या जमिनीत नुसती मऊ माती आणि खत भरलं तर खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली होते, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि मुळं सडतात.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन गार झाली की संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे, आणि जोडाच्या खालून फुटलेले धुमारे दिसले की लगेच काढायचे, ते रानटी झाडाचे असतात, त्यांना जोर जास्त. काठी बांधा, पण सैल, आठच्या आकड्यात. खोडापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन.

१२. भाजी कधी काय

जून-जुलै: भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, काकडी, दुधी. मांडव आधी, बी नंतर.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा. टोमॅटो, वांगी, फ्लॉवरची रोपं.
फेब्रुवारी: लाल माठ, काकडी, भेंडी.

नवख्यांनी ऑक्टोबरपासूनच सुरू करावं, कीड कमी आणि तण कमी. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, धीर येतो. धणे अख्खे पेरू नका, चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, आठ-दहा दिवस लागतात. सगळी मेथी एकदम पेरली तर एकाच आठवड्यात शेजाऱ्यांना वाटत फिरावं लागतं, दर आठवड्याला एक-दोन ओळी पेरा.

१३. पहिला पावसाळा आणि पहिला मे

पावसाळ्यात गोगलगायी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यांत टाका, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या उचलून मिठाच्या पाण्यात, हातमोजे घालून. मावा आणि पांढऱ्या माशीला लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या खालून. लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात, त्यांची फुलपाखरं होतात, झाड मोठं असेल तर खाऊ द्या, लहान असेल तर वेचून दुसऱ्या झाडावर सोडा. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ओतून घासायच्या, डेंगीचा डास तिथेच वाढतो आणि पालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा पहिलं तेच बघतात.

झाडांच्या खुराकाला घरचं जीवामृत करा: वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. हे जीवामृत दहापट पाण्यात घालून पंधरा दिवसांनी एकदा द्या. वास येतो, पाहुणे येणार असतील त्या दिवशी नको.

मेमधे गावाला जायचं असेल तर जायच्या आधी आठवडाभर ठिबक टायमरवर लावून बघा, बॅटरी नवी घाला, फिल्टर धुवा, आच्छादन चार इंच करा आणि कोवळ्या रोपांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी टाका. तरी किल्ली कुणाकडे तरी द्याच, आणि देताना झाडं नाही, बॉल व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवा.